फ्रीझरमधील बर्फ

मुरूड तालुक्यांत, राजपुरीच्या खाडीकांठीं, आगरदांडा हें गांव आहे. खाडीच्या मुखाशीं जंजिऱ्याचा किल्ला, समोरच्या तीरावर दिघी, आणि या तीरावरून त्या तीरावर माणसें व मोटारी पोंचविणारी फेरीबोट, एवढें चित्र मुंबईपुण्याच्या प्रवाशांच्या परिचयाचें असतें. परंतु मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला म्हणजे या किनाऱ्यावरील घरांच्या आंत जी लगबग सुरू होते, ती प्रवाशांच्या दृष्टीस क्वचितच पडते. जूनच्या आरंभापासून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि पुढें पावसाळ्यांत ताजी मासळी दुर्मिळ व महाग होते. सुके बोंबील, सोडे, जवळा यांची बेगमी करण्याची चाल येथें पूर्वापार आहे. तिला आतां फ्रीझरची जोड मिळाली आहे. सुरमईच्या तुकड्या, सोललेली कोळंबी, साफ केलेलीं पापलेटें यांचे डबे भरून ठेवले कीं दोन महिन्यांची चिंता मिटते.

परंतु डबे ठेवावयास जावें आणि झांकण उघडून पाहावें, तों आंतल्या चारी भिंतींवर बोटभर जाडीचा पांढरा थर चढलेला! जेथें दहा डबे राहावयाचे तेथें सहाच मावतात, खालचा एक डबा तर बर्फांत असा रुतून बसतो कीं ओढून निघत नाहीं. मग घरांतील कोणी तरी उत्साही माणूस स्वयंपाकघरांतील सुरी किंवा नारळ सोलण्याची पहार शोधूं लागतो. या उत्साहाचा शेवट पुष्कळदां फ्रीझर भंगारवाल्याच्या हवालीं करण्यांत होतो. बर्फ काढणें हें काम बळाचें नसून वेळेचें आहे, ही गोष्ट एकदां नीट उमगली म्हणजे सुरी आपोआप जागच्या जागीं राहते. ती उमगण्यासाठीं हा बर्फ येतो कोठून, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

फ्रीझरमध्यें कोणी पाणी ओतीत नाहीं, तरी महिन्या दोन महिन्यांत त्यांत शेरभर बर्फ जमतो. तांब्यांत थंडगार पाणी भरून ठेवलें कीं थोड्याच वेळांत त्याच्या बाहेरच्या अंगास घाम सुटतो, हें शाळेंतील मुलांनाही ठाऊक असतें. हें पाणी तांब्यांतून झिरपलेलें नसतें. भोंवतालच्या हवेंतील अदृश्य बाष्प थंड धातूस लागून त्याचें पाणी झालेलें असतें. फ्रीझरची भिंत तांब्याहून पुष्कळच अधिक थंड, म्हणून तेथें बाष्पाचें पाणी न होतां एकदम बर्फाचे सूक्ष्म कण होतात व ते एकावर एक चढत जातात.

याचें गणित मोठें मनोरंजक आहे. ३० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत जास्तींत जास्त सुमारें ३० ग्रॅम बाष्प मावतें. कोंकणकिनाऱ्यावर पावसाळ्यांत हवेची आर्द्रता शेंकडा ८० च्या घरांत असते, म्हणजे प्रत्येक घनमीटर हवेंत सुमारें २४ ग्रॅम पाणी तरंगत असतें. तीच हवा उणे १८ अंशांपर्यंत निववली तर तिच्यांत जेमतेम एक ग्रॅम बाष्प राहतें. उरलेलें सर्व भिंतींवर बसणार हें उघडच आहे. दीडशें लिटरच्या फ्रीझरमधील सगळी हवा एकदां बदलली तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास पाणी आंत येतें. दिवसांतून दहा वेळां दार उघडलें व दर वेळीं निम्मीच हवा बदलली असें धरलें, तरी महिन्याकांठीं अर्धा किलो बर्फ तयार होतो. नागपुराकडे उन्हाळ्यांत हवा इतकी कोरडी असते कीं तेथें हाच आंकडा पुष्कळ उतरतो. आगरदांड्याच्या गृहिणीचा फ्रीझर लवकर भरतो याचा दोष तिच्या आळसाकडे नसून समुद्राकडे आहे, हें घरांतील टीकाकारांनीं ध्यानांत घ्यावें.

येथें पेटीसारखा वरून उघडणारा फ्रीझर आणि कपाटासारखा समोरून उघडणारा फ्रीझर यांतील भेद सांगण्यासारखा आहे. थंड हवा जड असते. कपाटाचें दार उघडलें कीं ती पाण्याच्या लोंढ्यासारखी खालून बाहेर पडते आणि तिची जागा वरून ऊन, दमट हवा घेते. पेटीचें झांकण उघडलें तर मात्र विहिरींतल्या पाण्याप्रमाणें थंड हवा तळाशींच बसून राहते. आइस्क्रीमच्या दुकानांतून व मासळी विकणारांकडून पेटीलाच पसंती मिळते, त्याचें एक कारण हेंच. घरांत जागा कमी असते आणि वांकून खालचा डबा काढणें वडीलधाऱ्यांना जड जातें, म्हणून कपाटाची सोय नाकारतां येत नाहीं. पण बर्फाच्या दृष्टीनें पेटी शहाणी.

बर्फाचा दुसरा उगम खुद्द मासळींतच असतो. उघडी किंवा सैल गुंडाळलेली तुकडी फ्रीझरमध्यें ठेवली तर तिच्यांतील ओलावा गोठल्यानंतरही हळूहळू उडत राहतो. कापूर जसा न वितळतां उडून जातो तसाच बर्फही पाणी न होतां उडूं शकतो, आणि उडालेलें बाष्प अधिक थंड अशा भिंतीवर जाऊन बसतें. तुकडीवर मग पांढरे, चिवट, सुकल्यासारखे डाग पडतात. ते विषारी नसतात, परंतु त्या भागाला चव राहत नाहीं. म्हणजे भिंतीवरील बर्फाचा कांहीं भाग हा मासळीचा गेलेला रसच होय! कोळंबी डब्यांत घालून ती बुडेल इतकें पाणी ओतून गोठवावी, म्हणजे प्रथम तें वरचें पाणी उडतें व कोळंबी जशीच्या तशी राहते. तुकड्या पिशवींत भरतांना आंतली हवा हातानें दाबून काढली तरी पुष्कळ काम होतें.

आतां कोणी म्हणेल, बर्फ म्हणजे थंडीच. ती भिंतीवर जितकी जास्त तितकें बरें. हा समज फार रूढ आहे आणि पूर्णपणें चुकीचा आहे. फ्रीझर थंडी निर्माण करीत नाहीं. तो आंतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. भिंतीच्या मागें किंवा भिंतीच्या पोटांत नळ्यांचें वेटोळें असतें. त्यांत एक शीतकारक द्रव्य उकळत असतें व उकळण्यासाठीं लागणारी उष्णता तें आंतल्या डब्यांकडून घेतें. पुढें कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, तो तापतो, आणि बाहेरच्या जाळीवाटे किंवा पत्र्यावाटे ती उष्णता स्वयंपाकघरांत सोडून पुन्हा द्रवरूप होतो. डबा आणि नळी यांच्यामध्यें बर्फाचा थर आला म्हणजे काय होतें? या थरांत बारीक कणांच्या फटींत हवा कोंडलेली असते. गोधडींत कापसापेक्षां कोंडलेली हवाच ऊब राखते. तोच प्रकार येथें घडतो. नळीवर गोधडी पांघरली जाते, उष्णता तिच्यापर्यंत पोंचत नाहीं, आणि कॉम्प्रेसर अखंड चालू राहूनही मासळी हवी तितकी थंड होत नाहीं. विजेचें बिल वाढतें, तें वेगळेंच. थर पाव इंच, म्हणजे सुमारें ६ मिलिमीटर झाला कीं तो काढण्याची वेळ आली असें समजावें. बोटभर होईपर्यंत वाट पाहूं नये.

आणि आतां ती सुरी. साध्या एकदारी फ्रीजमध्यें वरचा जो बर्फाचा कप्पा असतो त्याची भिंत म्हणजेच नळी होय. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे एकमेकांस चिकटवून त्यांच्यामध्यें द्रव्य खेळण्यासाठीं फुगीर वाटा ठेवलेल्या असतात. या वाटांवरचा पत्रा इतका पातळ असतो कीं सुरीचें टोंक थोडें घसरलें तरी आरपार जातें. एक बारीकसा फुसकारा ऐकूं येतो, दोन मिनिटांत तो थांबतो, आणि फ्रीज पुन्हा थंड होत नाहीं. ॲल्युमिनियमचें हें छिद्र नीट सांधणें अवघड व खर्चाचें काम आहे. पुष्कळदां सारा कप्पाच बदलावा लागतो आणि फ्रीज जुना असेल तर तो खर्च परवडत नाहीं. पेटीच्या फ्रीझरमध्यें नळ्या आंतल्या पत्र्याच्या मागें असतात, पण तेथेंही ठोकल्यानें पत्रा चेपतो आणि टोंकदार हत्यार नळीपर्यंत पोंचतें.

यांत नुकसानीखेरीज धोकाही आहे. १९५८ सालीं गोदरेज कंपनीनें भारतांतला पहिला स्वदेशी बनावटीचा फ्रीज तयार केला. त्या काळच्या फ्रीजमध्यें जें फ्रिऑन जातीचें द्रव्य असे तें पेट घेत नसे. पुढें हीं द्रव्यें आकाशांतील ओझोनच्या थराचा नाश करतात असें सिद्ध झालें, १९८७ च्या मॉंट्रिऑल करारान्वयें जगभर त्यांना रजा मिळाली, आणि आज पुष्कळशा घरगुती फ्रीजमध्यें आयसोब्युटेन हा वायु असतो. तो ओझोनला अपाय करीत नाहीं, परंतु स्वयंपाकाच्या गॅसचा तो सख्खा भाऊ आहे व तसाच ज्वालाग्राही आहे. फ्रीजमध्यें तो थोडेच ग्रॅम असतो. तरीही नळी फुटली असें वाटल्यास शेगडी पेटवूं नये, विजेचें कोणतेंही बटण खालींवर करूं नये, खिडक्या दारें उघडून खोली मोकळी होऊं द्यावी व मग कारागिरास बोलवावें. फ्रीजच्या मागील पट्टीवर द्रव्याचें नांव छापलेलें असतें. तें एकदां वाचून ठेवणें सुज्ञपणाचें.

कांहीं चतुर मंडळी सुरीऐवजीं मीठ वापरतात. मिठानें बर्फ वितळतो हें खरें. हातानें फिरवावयाच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्यें बर्फावर मीठ घालतात तें याच गुणासाठीं. परंतु मिठाचें पाणी ॲल्युमिनियमला व पत्र्याला खातें. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानें गंजणाऱ्या वस्तु किनाऱ्यावरील घरांत आधींच पुष्कळ असतात, त्यांत हातानें भर घालण्याचें कारण नाहीं.

हें काम केव्हां करावें, याचें उत्तर कोंकणच्या पंचांगांतच आहे. मेअखेरीस, नवी बेगमी येण्यापूर्वीं, फ्रीझर जवळजवळ रिकामा असतो, तोच मुहूर्त. दोन दिवस आधीं उरलेसुरले डबे संपवीत आणावे. जें संपत नाहीं तें वर्तमानपत्राच्या चारपांच घड्यांत गुंडाळून थर्मोकोलच्या पेटींत खच्चून भरावें, वर बर्फाचे तुकडे घालावे आणि पेटीवर एक जुनी गोधडी टाकावी. मासळीच्या धक्क्यावर या पेट्या सहज मिळतात. गोधडीनें मासळीला ऊब लागेल अशी शंका घेणारे लोक भेटतात. पण गोधडी ना ऊब देते ना थंडी. ती केवळ उष्णतेची वाट अडविते, मग ती उष्णता आंतून बाहेर जाणारी असो कीं बाहेरून आंत येणारी. १८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टनहून ‘टस्कनी’ नांवाचें गलबत १८० टन बर्फ घेऊन निघालें व चार महिन्यांनीं कलकत्त्यास पोंचलें, तेव्हां विषुववृत्त दोनदां ओलांडूनही १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. त्याला राखणारी दुसरी कोणतीही विद्या नव्हती. भोंवतीं लांकडाचा भुसा दाबून भरलेला होता, एवढेंच. पुढें मुंबईसही असाच बोस्टनचा बर्फ येत असे. चार महिने जेथें टिकले तेथें चार तासांची ती कथा काय?

डबे हलविल्यावर प्रथम विजेचें बटण बंद करून प्लग खेंचून काढावा. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं, कारण आतां जमिनीवर पाणी येणार आहे, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभें राहून विजेच्या उपकरणाशीं झटापट करणें यासारखा अविचार नाहीं. एकदारी फ्रीजमध्यें थंडी कमीजास्त करण्याच्या खुंटीच्या मध्यभागीं एक लहानसें बटण असतें. तें दाबलें म्हणजे यंत्र थांबतें व बर्फ वितळल्यावर आपोआप सुरू होतें. नेहमींच्या पातळ थराला ती युक्ति पुरेशी आहे. वार्षिक सफाईला मात्र प्लगच काढावा. फ्रीझरच्या भोंवतीं जुन्या चादरी अंथराव्या. पेटीच्या तळाशीं बहुधा पाणी सोडण्याचें बूच असतें, तें काढून खालीं परात सरकवावी.

यानंतर झांकण उघडें टाकून स्वस्थ बसलें तरी बर्फ वितळतोच. घाई असेल तर उष्णतेची मदत द्यावी. येथेंही थोडें गणित कामास येतें. एक किलो बर्फाचें त्याच थंडीचें पाणी करावयास ८० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो पाणी शून्य अंशापासून ८० अंशांपर्यंत तापवावयास लागते तितकीच ही उष्णता. बर्फ वितळावयास इतका वेळ कां घेतो, याचें रहस्य हें. तो हट्टी नसतो, त्याची भूक मोठी असते. म्हणून पातेलींत कढत पाणी घेऊन तें लांकडी पाटावर किंवा दुमडलेल्या टॉवेलावर ठेवावें (प्लॅस्टिकच्या तळावर तापलेलें भांडें थेट ठेवलें तर तळ वांकतो वा तडकतो) आणि झांकण लावून घ्यावें. पाण्याची वाफ बर्फावर जाऊन बसते व पाणी होतांना आपल्या पोटांतली मोठी उष्णता बर्फाला देते. ही देणगी उकळत्या पाण्याच्या नुसत्या उष्णतेपेक्षां कित्येक पट असते. पंधरा मिनिटांनीं पाणी बदलावें. दोनतीन फेऱ्यांत भिंतीवरील थर सुटून पापुद्र्यासारखा खालीं येतो. तो हातानें किंवा लांकडी उलथन्यानें उचलावा, पण जो अद्याप भिंतीला धरून आहे त्याला ओढूं नये.

दुसरी रीत पंख्याची. उघड्या फ्रीझरसमोर टेबलपंखा लावला, अर्थात् पाण्यापासून दूर, तर खोलींतील दमट हवा बर्फावर आदळत राहते, तिच्यांतील बाष्प तेथें पाणी होतें आणि उष्णता सोडतें. मौज अशी कीं, ज्या दमट हवेनें हा बर्फ रचला तीच हवा तो मोडावयासही धांवून येते. केंस सुकविण्याचें विजेचें यंत्र मात्र या कामीं आणूं नये. तें हातांतून सुटून साचलेल्या पाण्यांत पडलें तर प्राणावर बेततें. दोन दारांच्या नव्या फ्रीजमध्यें हा सगळा खटाटोप करावा लागत नाहीं. त्यांत ठराविक वेळानें एक छोटी विजेची तार तापते, बर्फ वितळतो, आणि पाणी नळीवाटे मागच्या बशींत जाऊन उडून जातें. तरी त्या नळीचें तोंड कधींकधीं अन्नकणांनीं बुजतें व तळाशीं पाणी सांचतें. तेव्हां कोमट पाणी सोडून तें मोकळें करावें आणि मागची बशी काढतां येण्यासारखी असेल तर धुवावी.

बर्फ गेला कीं वास उरतो. मासळीच्या घरांतील फ्रीझर म्हणजे वास असावयाचाच, असें मानून पुष्कळ लोक गप्प बसतात. वास्तविक मासळीचा वास ज्या द्रव्यांमुळें येतो तीं क्षारधर्मी असतात, आणि क्षाराचा उतारा आम्ल हा होय. मासळीला चिंच, लिंबू किंवा कोकमाचें आगळ लावण्याची कोंकणची चाल केवळ चवीसाठीं पडलेली नाहीं. म्हणून आधीं साबणाच्या कोमट पाण्यानें भिंती पुसाव्या, मग स्वच्छ पाण्यानें, आणि अखेर पाण्यांत थोडें व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून त्यानें. (आगळ मात्र स्वयंपाकापुरतेंच ठेवावें, त्याचे लाल डाग पांढऱ्या प्लॅस्टिकवरून निघत नाहींत.) दूध, लोणी यांचा आंबूस वास असेल तर याच्या उलट, म्हणजे लिटरभर पाण्यांत दोन चमचे खाण्याचा सोडा घालून पुसावें. फिनेल व तत्सम उग्र वासाचीं औषधें वर्ज्य. कपडे शुभ्र करण्याच्या क्लोरीनच्या पाण्यांत व्हिनेगर तर मुळींच मिसळूं नये. त्यांतून विषारी वायु निघतो.

दाराच्या कडेचें रबर हें या यंत्राचें सर्वांत दुर्लक्षित अंग. त्याच्या घड्यांत दमट हवेनें काळी बुरशी धरते, रबर ताठर होतें, आणि मग दार बंद असूनही समुद्राची हवा रात्रंदिवस आंत झिरपत राहते. जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें साबणाचें पाणी लावून या घड्या साफ कराव्या व कोरड्या फडक्यानें टिपाव्या. नंतर दारांत एक कागदाची पट्टी धरून दार लावावें आणि पट्टी ओढून पाहावी. सहज निसटली तर तेथें फट आहे असें समजावें. चारी बाजूंनीं ही परीक्षा करावयास पांच मिनिटें लागतात. बर्फ वारंवार एकाच कोपऱ्यांत जमत असेल तर गुन्हेगार बहुधा त्या कोपऱ्यांतलें रबरच असतें.

सफाईनंतर फ्रीझर कोरडा होईतों उघडा ठेवावा, परंतु घरांत लहान मुलें असतील तर तेथून हलूं नये. रिकामी पेटी मुलांना लपावयास मोहक वाटते आणि तिचें झांकण आंतून उघडतां येईलच असें नाहीं.

प्लग लावल्यावर लगेच मासळी भरण्याची घाई करूं नये. पेटी रिकामी चालवून उणे १८ अंशांवर येऊं द्यावी. त्याला कित्येक तास लागतात. मग मासळीही एकदम दहा किलो न भरतां दोनतीन दिवसांत थोडीथोडी भरावी. अमेरिकन गृहस्थ क्लॅरेन्स बर्ड्झाय हा १९१२ ते १९१५ च्या सुमारास लॅब्राडोरच्या हिमप्रदेशांत राहत असतां, तेथील लोक कडाक्याच्या थंडींत बर्फावर पकडलेली मासळी क्षणांत गोठवितात व ती महिन्यांनंतरही ताजी लागते, हें त्यानें पाहिलें. पुढें त्यावरच त्यानें गोठविलेल्या अन्नाचा मोठा धंदा उभारला. मासळी झटपट गोठली तर तिच्यांत बर्फाचे कण बारीक होतात. सावकाश गोठली तर ते मोठे व धारदार होऊन मांसाच्या पेशी फाडतात, आणि शिजवावयास काढली कीं सारें पाणी सुटून तुकडी भुसभुशीत होते. एकाच दिवशीं पेटी ठासून भरणारा मनुष्य स्वतःच्या हातानें सुरमईचें खोबरें करतो.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु भरलेल्या फ्रीझरची खरी कसोटी वीज गेल्यावर लागते. ३ जून २०२० रोजीं दुपारीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन थडकलें. तारीख पाहावी: नुकतीच बंदी सुरू झालेली, बेगमी नुकतीच भरलेली, आणि देशांत टाळेबंदीमुळें बाजारहाट आधींच विस्कळित. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांचीं छपरें उडालीं, विजेचे खांब मोडून पडले. कित्येक गांवांना वीज परत मिळावयास दिवस नव्हे तर आठवडे लागले. अशा वेळीं फ्रीझरचें काय झालें हा प्रश्न छपरापुढें क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरांत दोन महिन्यांचें अन्न त्या पेटींत होतें त्या घरीं तो क्षुल्लक नव्हता.

बंद ठेवलेला भरगच्च फ्रीझर विजेवांचून सुमारें ४८ तास थंडी धरून ठेवतो. अर्धा भरलेला सुमारें २४ तास. मोकळी जागा पाण्याच्या बाटल्यांनीं भरून ठेवावी असें सांगतात तें यासाठींच. त्या अवधींत झांकण उघडून ‘पाहूं बरें’ म्हणणें हाच मोठा शत्रु. नंतर मासळी तपासतांना जी अद्याप कडक आहे किंवा जिच्यांत बर्फाचे कण हाताला लागतात ती पुन्हा गोठविली तर चालते; चव थोडी उतरते इतकेंच. जी पूर्ण मऊ पडली आहे आणि दोन तासांहून अधिक वेळ ऊन राहिली आहे ती टाकावी. येथें गृहिणीचा हात जड होतो, हें स्वाभाविक आहे. वास तर येत नाहीं, मग मसाला लावून चांगली तळून काढली तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. बांगडा, कुपा, सुरमई या जातींच्या मासळींत उष्णतेनें जंतु वाढूं लागले कीं हिस्टामिन नांवाचें द्रव्य तयार होतें. त्याला वास असतोच असें नाहीं, आणि तळल्यानें वा उकळल्यानें तें नाहींसें होत नाहीं. जेवणानंतर थोड्याच वेळांत तोंड लाल होणें, अंगावर गांधी उठणें, डोकें ठणकणें, ओकाऱ्या होणें, असा त्याचा प्रताप असतो. गोठविल्यानें जंतु मरत नाहींत, ते केवळ निजतात. वीज जाते तेव्हां ते जागे होतात.

रात्रीं सर्व निजलेले असतां किंवा कुटुंब परगांवीं गेलें असतां वीज किती वेळ गेली होती हें सकाळीं कळावें कसें? मधल्या वेळांत मासळी वितळून पुन्हा गोठली असेल तर वरून कांहीं दिसत नाहीं. यावर एक साधा उपाय आहे. एका वाटींत पाणी घालून तें फ्रीझरमध्यें दगडासारखें गोठूं द्यावें, त्यावर एक रुपयाचें नाणें ठेवावें आणि वाटी तशीच आंत राहूं द्यावी. परत आल्यावर नाणें वरच असेल तर मासळी निर्धास्त; मध्यें रुतलें असेल तर वीज बराच वेळ गेली होती, डबे एकेक तपासावे; तळाशीं गेलें असेल तर आंतलें सर्व वितळून पुन्हा गोठलें आहे, मग वर तें कितीही कडक दिसो. मेअखेरीस फ्रीझर धुवून, पुसून, थंड करून घेतला म्हणजे पहिला डबा ठेवण्यापूर्वीं ही वाटी आंत ठेवावी.